चोडण-दिवाडीचं जेवण : घरगुती खानावळ काढावी का?

चोडणकार

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही मूळचे चोडणचे. मांडवी नदीतलं बेट, तिसवाडी तालुका, समोर रायबंदर. (मयेच्या बाजूने पूल आहे, त्यामुळे "मग हे कसलं बेट" असं विचारणारे येतीलच. या.) मी पणजीत नोकरीला, घरी आई आणि दादा-वहिनी. दादाची खाजनात (नदीकाठच्या, बांध घातलेल्या सखल जमिनीत) थोडी भातशेती आहे, कोरगुट (जुना गावठी भात) लावतो. आई आणि वहिनी दोघींच्या हाताला चव आहे, हे मी घरचा म्हणून सांगत नाही, गावात कुणालाही विचारा.

सलीम अली पक्षी अभयारण्य धक्क्याला लागूनच आहे. थंडीत कॅमेरेवाल्यांची रीघ लागते. पहाटेच्या फेरीने येतात, खारफुटीत होडीने फिरतात आणि साडेदहा-अकराला पोटात कावळे ओरडायला लागले की गावात हिंडून विचारतात, "इथे जेवण कुठे मिळेल?" चहा, भजी, पातळभाजी-पाव मिळतो. पानात वाढलेलं जेवण मिळणं कठीण. गेल्या हिवाळ्यात दादाच्या ओळखीच्या एका टोळक्याला वहिनीने घरी जेवू घातलं. पैसे घ्यायला ती तयार होईना, तर जाताना ते लोक तांब्याखाली नोटा ठेवून गेले. तेव्हापासून घरात हा विषय सुरू आहे.

त्यात जुलै २०२५ पासून रायबंदर-चोडण मार्गावर 'गंगोत्री' आणि 'द्वारका' या रो-रो बोटी आल्या. जुन्या फेरीबोटीपेक्षा गाड्या बऱ्याच जास्त चढतात. रविवारी गाडी घेऊन येणाऱ्यांची भीड चेपली आहे, हे डोळ्यांना दिसतं.

तर, फक्त शनिवार-रविवार, आधी सांगून येणाऱ्यांसाठी दुपारचं जेवण सुरू करावं का? परवाने काय लागतात? ताटाला किती लावावेत? आणि मुख्य म्हणजे, पणजीत प्रत्येक कोपऱ्यावर मासळीची थाळी मिळत असताना माणूस फेरी ओलांडून आमच्याकडे का येईल?

बटाटेवडा

पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं जेवण झाल्यावर देतो.

पोटोबा_पुणेकर

बटाटेवडा +१.

गिऱ्हाईक म्हणून माझं मत. आम्ही दरवर्षी गोव्यात जातो आणि कळंगुटच्या बाजूला आता पाय ठेवत नाही. पणजीतल्या थाळीत मला काय खटकतं सांगू? सगळीकडे तेच. रवा लावलेला बांगडा, लालभडक कढी, वाटीभर तिसऱ्या, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), सोलकढी. चांगलं असतं, पण डोळे मिटून खाल्लं तर कुठल्या हॉटेलात बसलोय ते सांगता येणार नाही. तुमच्याकडे मला तुमच्या शेतातला तांदूळ मिळणार असेल तर मी फेरी सोडा, पोहत येईन.

खवचट_खेकडा

पोहू नका, खारफुटीत मगरी आहेत. त्याही जेवायच्याच शोधात असतात.

चोडणकार, राग मानू नका पण मला भीती वाटते. आज वहिनींच्या हातचं जेवण, उद्या कुणीतरी रील टाकणार "गोव्यातलं गुपित बेट", परवा शंभर गाड्या, तेरवा बांधावर बाटल्या. बेटावर गाडी लावायला जागा किती? रस्ते केवढे? समोरून बस आली की एकाने मागे जायचं. शेजारच्या दिवाडी बेटावर हे झालेलं पाहिलं आहे. जुन्या घरांसमोर उभं राहून लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी, घरातला म्हातारा बाल्कनीत बसलाय याचंही भान नाही.

दिवाडीची_सून

खेकडेभाऊ, खरं आहे तुमचं, पण अर्धंच.

मी सावंतवाडीची, लग्न करून दिवाडीला आले. घर किरिस्तांव, सासू पक्की दिवाडकार. आमच्याकडे तर पूलही नाही. जुनं गोवं, रायबंदर किंवा नार्वे, कुठूनही या, फेरीच. त्यामुळे आमच्याकडे गर्दीला आपोआप चाळण लागते.

आता माझा अनुभव. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी आमच्याकडे बोंदेरां असतो. पूर्वी वाड्यावाड्यांत हद्दीवरून भांडणं व्हायची, हद्दीवर बावटे रोवायचे आणि दुसरे येऊन ते पाडायचे, त्याची आता मिरवणूक झाली. चित्ररथ, फोटाशी (बांबूच्या खेळण्यातल्या बंदुका), बँड, सगळं. त्या दिवशी मी आणि माझ्या दोन जावा अंगणात टेबल टाकतो. पहिल्या वर्षी चोरिस-पाव, रोस-ऑम्लेट ठेवलं. खपलं सगळं, पण ते तर सगळ्यांकडेच होतं. मांयने, म्हणजे सासूने, हट्टाने एका परातीत पिनाग्र ठेवलं होतं. उकडा तांदूळ भाजून दळायचा, गूळ, खोबरं, वेलची घालून वळायचं. गावात हे आता फारसं कुणी करत नाही, कारण तांदूळ भाजताना हात सोडता येत नाही, एक मिनिट इकडेतिकडे झालं की करपट वास येतो आणि मग तो गुळानेही झाकत नाही. ती परात पहिल्या तासात रिकामी. आणि मजा म्हणजे घेणारे बहुतेक आमचेच, मुंबई-कुवेतहून सुट्टीवर आलेले. "माझी आजी करायची" म्हणत डबे भरून नेले.

सांगायचं काय, तर गर्दीच्या दिवशी आलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. ते बावट्यांसाठी येतं, खाणं वाटेत मिळालं तर खातं. पिनाग्रासाठी मात्र आता मला वर्षभर फोन येतात. घर चालण्याइतके नाहीत, पण दर महिन्याला येतात.

चोडणकार

वहिनीला वाचून दाखवलं. तिचा पहिला प्रश्न, "नारळ किसून घालतात की वाटून?"

दिवाडीची_सून

किसून. वाटला तर टिकणार नाही. :)

हिशेबनीस

मालवणजवळ घरगुती राहणं-जेवण चालवतो, बरीच वर्षं झाली. एमटीडीसीच्या न्याहारी व निवास योजनेत नाव नोंदवून सुरुवात केली होती. चार गोष्टी सांगतो, गोव्यातल्या नियमांचं गोव्यातले लोक सांगतीलच.

पहिलं, मेन्यूत माशाचं नाव लिहू नका. "आज मिळेल ती मासळी" एवढंच. इसवणाचं (सुरमईचं) नाव छापलंत की तुम्ही इसवणाच्या भावाचे गुलाम. पावसाळ्यात तर विचारू नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बर्फातला मासा कोण कुठून आणतं देव जाणे, आणि गिऱ्हाईक म्हणतं "गोव्यात येऊन फ्रेश फिश नाही?"

दुसरं, आगाऊ पैसे. गुरुवार रात्रीपर्यंत नोंदणी, निम्मे पैसे आधी. आठ पानं सांगून चार माणसं येतात तेव्हा उरलेल्या चार पानांची मासळी तुम्ही रात्री खाऊ शकता, पण नफा त्याच चार पानांत होता.

तिसरं, एकच पंगत. साडेबाराला बसायचं. "आम्ही तीनला येतो, चालेल ना?" याला गोड आवाजात नाही म्हणायला घरातल्या एकाने शिकायचं. आमच्याकडे ते काम माझ्या आईने केलं, तिच्याइतकं गोड नाही कुणाला म्हणता येत नाही.

चौथं, वहिनींची मजुरी हिशेबात धरा. घरगुती खानावळीत नव्वद टक्के लोक ती धरतच नाहीत आणि मग म्हणतात धंद्यात फायदा आहे. फायदा नाही, ती बाईची फुकट मेहनत असते.

आखातवासी

शेवटच्या मुद्द्याला शंभर मोदक.

अवांतर वाटेल पण विषयाला धरून आहे. दिवाडीत आमचं जुनं घर आहे, बंदच असतं. दिल्लीच्या एका पार्टीने कॅफेसाठी भाड्याने मागितलं आहे. रक्कम चांगली आहे. छप्पर दरवर्षी शाकारायला लागतं, वाळवी आहे, भावंडं चार देशांत. घर पडण्यापेक्षा कुणी वापरलं तर काय वाईट? गावातले लोक मात्र तोंड वाकडं करतात.

खवचट_खेकडा

तोंड वाकडं करतात कारण कॅफेत ॲव्होकाडो टोस्ट मिळणार आणि पोदेराचा (गावच्या पाववाल्याचा) उंडो पाव मिळणार नाही.

आखातवासी

उंडो खाणारी माणसं तरी गावात उरलीत का? माझ्या वाड्यावर संध्याकाळी दिवा लागणारी घरं मोजा. पोदेर पों-पों वाजवत येतो आणि अर्ध्या घरांवरून तसाच पुढे जातो.

दिवाडीची_सून

आखातवासी, द्या की भाड्याने, घर तुमचं आहे. फक्त करारात लिहून घ्या की पाव गावच्या पोदेराकडून आणि मासळी गावच्या बाईकडून घ्यायची. मी गंमत करत नाहीये. माझ्या ओळखीत एका घरमालकाने असं केलं आहे, आणि कॅफेवाल्यालाही ते बरं पडलं, कारण त्याला ते फळ्यावर लिहायला मिळालं. पोई सकाळी गरम येते, गव्हाच्या कोंड्याची, आत पोकळ. तिच्यात काहीही भरा, शहरातला माणूस खूश.

नार्वेकाठ

सगळे जेवणावर बोलताय, जेवण येतं कुठून यावर कोण बोलणार?

चोडणकार, तुमच्या दादाला विचारा खाजनाची काय अवस्था आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही दोन्ही बेटं सखल आहेत. नदीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून पूर्वजांनी मातीचे बांध घातले आणि बांधात मानशी बसवल्या. मानस म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीला पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पाणी उघडून बाहेर जातं. पावसात आतल्या जमिनीतला खार धुऊन निघाला की भात. भात कापल्यावर मुद्दाम खारं पाणी आत घ्यायचं, त्याबरोबर सुंगटं (कोळंबी), शेवटे आणि काळुंदरं हे मासे, कुर्ल्या (खेकडे) आत येतात, वाढतात. मग ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावायचं. एकाच जमिनीत भात आणि मासळी. वीज नाही, पंप नाही.

मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. इथेच गोम आहे. ज्याने बोली जिंकली त्याला मासळी जास्त हवी, म्हणजे खारं पाणी जास्त वेळ आत हवं. शेतकऱ्याला ते वेळेवर बाहेर हवं. बांधाची डागडुजी कुणी करायची यावर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. बांध एकदा फुटला की शेत दोन-तीन वर्षं गेलं, आणि तितक्यात तिथे खारफुटी उगवली की कायमचं गेलं, कारण मग तिला हात लावता येत नाही. पोरं शेतात उतरत नाहीत ते वेगळंच.

तेव्हा बेटावर खाण्याची 'संधी' आहे म्हणता, ती बांध उभा आहे तोवर आहे.

चोडणकार

नार्वेकाठ, एक अक्षर खोटं नाही. आमच्या बाजूचा बांध अजून धड आहे, पण शेजारच्या तीन शेतांत गवत वाढलंय. दादा म्हणतो, अजून पाच वर्षं ओढतो, मग बघू.

पण म्हणूनच मला वाटतं की घरचा तांदूळ घरीच शिजवून विकावा. तांदूळ म्हणून विकला तर काय भाव मिळतो? आणि ताटात वाढला तर?

नार्वेकाठ

ते मात्र बरोबर बोललात. कोरगुट उतारा कमी देतो, उंच वाढतो, वाऱ्यापावसात आडवा होतो. खार मात्र सोसतो, संकरित भात जिथे पिवळं पडतं तिथे हा उभा. जुन्या गोव्याला, म्हणजे तुमच्या नाकासमोर, कृषी संशोधन संस्था आहे, आयसीएआरची. त्यांनी कोरगुटातूनच निवड करून 'गोवा धान' नावाचे खार सोसणारे वाण काढलेत. दादाला एकदा तिथे पाठवा. उतारा वाढला तर ताटाला तांदूळ पुरेल.

पोटोबा_पुणेकर

मला एक सांगा, हा लाल उकडा भात नवख्याला आवडतो का? माझ्या बायकोने एकदा सावंतवाडीहून आणला होता, तासभर शिजत होता, आणि मुलांनी विचारलं "हा कच्चा आहे का?"

चोडणकार

तो बासमतीसारखा शिजवायचाच नाही. भरपूर पाण्यात, झाकण अर्धवट ठेवून, मधून मधून शीत चेपून बघायचं. आई दोन बोटांत घेते. कडा मऊ आणि मध्यभागी किंचित कण लागला की उतरवते आणि पाणी गाळते. ते गाळलेलं पाणी फेकून द्यायचं नाही. त्यात मीठ, थोडं खोबरं, वर तोर (कैरीचं खारवलेलं लोणचं). जेवणाआधी वाटीभर पेज दिली की माणूस भाताला घाबरत नाही, हे वहिनीचं निरीक्षण. त्या कॅमेरेवाल्यांपैकी एकाने पेज तीनदा मागून घेतली आणि भात उरवला.

रेवाळ_मासळी

पेजेनेच सुरुवात करा मग! थंडीत सकाळी पक्षी बघून आलेल्या माणसाला साडेदहाला गरम पेज, सुक्या बांगड्याचा तुकडा आणि तोर. दुपारच्या जेवणापेक्षा हे सोपं, मासळीचा भाव आड येत नाही, आणि पणजीतल्या हॉटेलात त्या वेळेला मिळत नाही. सुकी मासळी तर पुरुमेंताला (पावसाळ्याच्या बेगमीला) घेऊन ठेवलेली असतेच घरात.

बटाटेवडा

रेवाळ_मासळी यांना माझ्यातर्फे एक सुका बांगडा.

हिशेबनीस

कल्पना एकदम बरोबर. आणि मी म्हणेन दुपारचं जेवण पहिल्या वर्षी काढूच नका. पेज-न्याहारीला भांडी कमी, मजुरी कमी, बारापर्यंत वहिनी मोकळ्या. घरच्यांचंही जेवण व्हायला हवं की नाही?

पोटोबा_पुणेकर

हिशेबनीस, तुम्ही माझ्या थाळीवर पाणी ओतताय. न्याहारीसाठी पुण्याहून कोण येणार?

हिशेबनीस

पुण्याहून पेजेसाठी कुणीच येऊ नये. जे धक्क्यावर आधीच भुकेले उभे आहेत त्यांना खायला घालायचं आहे.

अन्नपरवाना

परवान्याचं मी सांगतो, याच कामात आहे.

एवढ्या छोट्या घरगुती कामाला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) साधी नोंदणी पुरते. मी लोकांची करून दिली तेव्हा शुल्क वर्षाला १०० रुपये असायचं. अर्ज ऑनलाइन, फॉसकॉस पोर्टलवर. एजंटला हजारो रुपये देऊ नका, फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा एवढ्यात काम होतं. नंबर मिळाला की तो लावून ठेवायचा. पंचायतीकडे जाऊन व्यवसायाच्या परवानगीचं विचारा, ते टाळू नका, शेजाऱ्याने तक्रार केली की पहिला प्रश्न तोच येतो. लोकांना रात्री राहायला ठेवणार असाल तर पर्यटन खात्याकडे वेगळी नोंदणी.

पाणी विहिरीचं असेल तर तपासून घ्या. बेटावरच्या विहिरींना उन्हाळ्यात मचूळ चव येते.

आणि लोक हुर्राक (काजूची दारू) मागणार. मार्च-एप्रिलात हमखास. "घरचीच आहे, एक ग्लास द्या ना." नाही म्हणायचं. अबकारी परवान्याशिवाय पैसे घेऊन एक थेंबही द्यायचा नाही, आणि "फुकट दिली, जेवणाचे पैसे घेतले" हे कुणाला पटत नसतं.

दिवाडीची_सून, तुमच्यासाठी: पिनाग्र हे प्रक्रिया केलेलं खाद्य. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना २०२० मध्ये आली, त्यात छोट्या उद्योगाला यंत्रसामग्रीसाठी ३५ टक्के अनुदान होतं, जास्तीत जास्त १० लाख, कर्जाशी जोडलेलं. स्वयंसाहाय्य गटाच्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल होतं. योजनेची मुदत आणि सध्याचे अर्ज सुरू आहेत का ते आधी कृषी खात्यात विचारून घ्या.

दिवाडीची_सून

यंत्र घेतलं तर मांय घरात घेणार नाही मला. पण दळायला आणि पाकिटबंद करायला चालेल, भाजणं हातानेच. धन्यवाद, माहिती गटात टाकते.

इतिहासवेडा

अवांतर करतो, माफी असावी. दिवाडीचा सप्तकोटेश्वर पोर्तुगीज काळात नदी ओलांडून नार्व्याला गेला आणि ते देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा बांधवलं. चोडणची देवकीकृष्ण आधी मयेला आणि मग माशेलला गेली, तिथे आजही आषाढीनंतर चिखलकाला (चिखलात खेळायचा उत्सव) होतो. देव गेले, शेतं राहिली. चोडणकारांनी पानासोबत ही गोष्टही वाढावी, फुकट आहे.

खवचट_खेकडा

इतिहासवेडा, कुठल्याही धाग्यात तुम्ही १६६८ ला पोचता. मागच्या वेळी इडलीच्या धाग्यात पण.

इतिहासवेडा

इडलीचा संबंध होता. असो.

शिवराकप्रेमी

सोमवारी, गुरुवारी, श्रावणात काय? शिवराक ताट ठेवणार का? गोव्यात गेल्यावर शाकाहारी माणसाला पनीर बटर मसाला देतात, हा माझा जुना सल आहे. नीरफणसाची कापं, आंबाड्याचं सासंव, अळसांद्यांचं तोंडाक (चवळीसारख्या कडधान्याची आमटी), मुगांगाठी, खतखतें, हे सगळं गोव्याच्या हिंदू घरांत रोज होतं आणि विकत कुठेच मिळत नाही.

चोडणकार

अहो, आमच्या परसातला नीरफणस वर्षातून दोनदा धरतो आणि आम्ही शेजाऱ्यांना वाटून थकतो! साल काढायची, अर्धचंद्रासारखे पातळ काप, हळद-तिखट-मीठ-हिंग लावून थोडा वेळ ठेवायचे, तांदळाच्या रव्यात घोळवून तव्यावर कमी तेलात. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखे. मासळी खाणारेसुद्धा आधी तीच उचलतात. हे विकायचं असतं असं आम्हाला वाटलंच नव्हतं कधी.

पोर्टलुईकर

मॉरिशसहून लिहितोय, इथल्या मराठी मंडळींत वावर आहे. आमच्याकडचं एक उदाहरण देतो. इथे धोलपुरी हा रस्त्यावरचा राजा. पिवळ्या डाळीचं पुरण भरलेली पातळ पोळी, तिखट-खारट, वर मोठ्या शेंगदाण्यासारख्या घेवड्याच्या दाण्यांची आमटी, टोमॅटोची रुगाय, मिरचीची चटणी, आणि द्यायची नेहमी जोडीने, कागदात गुंडाळून. उसाच्या मळ्यांत मजुरी करायला आलेल्या भारतीयांचं खाणं, आज चिनी, क्रिओल, सगळे रांगेत उभे राहून खातात. पंचतारांकित हॉटेलांनी ती नाजूक करून वाढायचा प्रयत्न केला, पण लोक जातात गाडीवरच. एकच पदार्थ, रोज, तसाच.

बटाटेवडा

म्हणजे पुरणपोळी परदेशात जाऊन तिखट झाली. माझ्या चुलतभावासारखीच.

आखातवासी

मी मघापासून विचार करतोय. सून म्हणतात तसं पोदेर-मासळीचं कलम घालून बघतो. दिल्लीवाले पळाले तर समजेन घर त्यांना फक्त फोटोसाठी हवं होतं.

पण पुलाचं काय? दिवाडीला पूल झाला तर तुमची ही चाळण राहील का?

दिवाडीची_सून

पुलाचा विषय काढू नका, आमच्या घरात त्यावर दोन पक्ष आहेत आणि एकाच टेबलावर जेवतात. नवऱ्याला पूल हवा, रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर फेरीची वाट बघावी लागते म्हणून. मांयला नको. मला विचाराल तर आजारी माणसासाठी हवा आणि रविवारसाठी नको, आणि असा पूल अजून कुणी बांधलेला नाही.

नार्वेकाठ

पूल आला की पहिली शेतं जातात. जोडरस्ता हवेतून येत नाही, खाजनातूनच येतो.

आखातवासी

आणि पूल नाही म्हणून माणसं जातात ते? माझे आईवडील त्याच कारणाने पणजीत राहायला गेले.

(यावर वेगळा धागा काढावा.)

चोडणकार

सगळ्यांचे आभार. रविवारी घरी बसून सगळा धागा मोठ्याने वाचला. आई, दादा, वहिनी, शेजारची काकी, सगळे.

तूर्त असं ठरतंय. डिसेंबरपासून फक्त शनिवार-रविवार सकाळी, दहा ते साडेअकरा, पेजेची न्याहारी. घरच्या कोरगुटाची पेज, तोर, भाजलेला सुका बांगडा किंवा किसमूर, ज्याला नको त्याला अळसांद्यांचं तोंडाक आणि परसातलं जे असेल त्याची कापं. दुपारचं जेवण महिन्यातून एकदाच, मानशीवर मासळी बरी पडते त्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या रविवारी, जास्तीत जास्त बारा पानं. ही दादाची कल्पना. गिऱ्हाईकाने तारीख ठरवायची नाही, भरती-ओहोटीने ठरवायची. मला आधी हसू आलं, मग पटलं. जाळ्यात जे येईल ते शिजेल.

वहिनीने दोन अटी घातल्या. पैसे तिच्या खात्यात. आणि रविवारची भांडी मी घासायची. फोटो काढायला हरकत नाही, पण चुलीपाशी नाही.

शेजारच्या काकीला आम्ही पाव-चहाचं काम देतोय, नाहीतर उगाच तिच्या टपरीच्या गिऱ्हाइकावर आमचा डोळा असं व्हायचं.

भाव ठरलेला नाही. पेजेच्या ताटाला वहिनी शंभर म्हणते, मी दीडशे म्हणतो.

रेवाळ_मासळी

दीडशे! आणि शंभर म्हणणाऱ्या वहिनींना हिशेबनीसांची पोस्ट परत वाचून दाखवा.

खवचट_खेकडा

मी पेज पितो, तक्रार मागे घेतो. पण गाड्या धक्क्यापलीकडे रायबंदरलाच ठेवून पायी यायला सांगा. पायी येणाऱ्याला फेरीचं तिकीटही नाही. दुकानाच्या पाटीवर पहिली ओळ हीच लिहा.

चोडणकार

लिहितो. पाटी तुमच्या नावाने लावू का?

हिशेबनीस

दीडशे ठीक. पण हिशेबात नारळ धरलाय का? पेजेत खोबरं, किसमुरात खोबरं, तोंडाकात खोबरं. नारळाचे भाव काय झालेत बघताय ना. घरचे असले तरी बाजारभावाने धरा, नाहीतर तो दीडशेतला सगळा फायदा खोबऱ्याने खाल्लेला असेल.

चोडणकार

घरच्या माडांना पाडेली (नारळ पाडणारा) मिळत नाही, ती वेगळीच रडकथा. बाजारभावाने धरून आज रात्री परत मांडतो आणि इथे टाकतो.